‘आधी कोड लिहा, रचना नंतर बघू’: मोठ्या ॲपला हा सल्ला का चालत नाही

डेव्हलपर मंडळींमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: आराखड्यात वेळ घालवू नका, थेट कोडला बसा, रचना आपोआप आकार घेते. दोन दिवसांच्या प्रयोगाला हे ठीक आहे. पण अनेक टीम वर्षानुवर्षं सांभाळणार असलेल्या वेब ॲप्लिकेशनसाठीही हेच सांगितलं जातं, आणि नवी मुलं ते मनावर घेतात. याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘अजाइलमध्ये प्लॅनिंग नसतं.’ अजाइल म्हणजे छोट्या-छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत. तिचा २००१ चा जाहीरनामा पानभराचाही नाही, तो पूर्ण वाचा. आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं जास्त मोलाचं, असं त्यात आहे. पण आराखड्यालाही मोल आहे, हेही तिथेच लिहिलंय. सोबतच्या बारा तत्त्वांपैकी एक तर चांगल्या डिझाइनकडे सतत लक्ष द्या, असंच सांगतं.

‘चुकलं तर रिफॅक्टर करू.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. कोड रिफॅक्टर होतो, म्हणजे त्याचं काम तेच ठेवून रचना बदलता येते; साठलेल्या डेटाची रचना तितक्या सहज बदलत नाही.

समजा, डेटाबेसमधल्या युजरच्या टेबलात ‘कंपनी आयडी’ असा एक कॉलम टाकला. एक माणूस, एक कंपनी. वर्षभराने एक ऑडिटर येतो, तो दोन कंपन्यांचं काम बघतो. आता कोण कुठल्या कंपन्यांत आहे हे नोंदवणारं वेगळं जोडटेबल हवं. पण लॉगिन, परवानग्या, रिपोर्ट, ईमेल, बिलं, सगळ्यांनी ‘कंपनी एकच’ हे गृहीत धरलेलं असतं. ॲप चालू ठेवूनच जुना डेटा हलवायचा, काही काळ जुन्या-नव्या दोन्ही जागी लिहायचं, आणि डेटाबेसकडून माहिती मागणारी एखादी क्वेरी नजरेतून सुटली तर एका कंपनीची बिलं दुसरीला दिसणार. ‘एक माणूस दोन कंपन्यांत असू शकतो का?’ एवढा प्रश्न पहिल्या दिवशी फळ्यासमोर विचारला असता, तर हे सगळं टळलं असतं.

कॉलमचा प्रकारसुद्धा किरकोळ नसतो. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी बेसकॅम्प ३ या प्रोजेक्ट सांभाळायच्या ॲपच्या एका टेबलातला आयडी २,१४,७४,८३,६४७ या ३२ बिटी पूर्णांकाच्या मर्यादेला भिडला; त्याहून मोठा आकडा त्या कॉलमात मावत नव्हता. जवळपास पाच तास लोकांना फक्त वाचता येत होतं, नवीन काही लिहिता येत नव्हतं.

‘मोठ्या कंपन्याही अशाच सुरू झाल्या.’ झाल्या, आणि पुढे त्याची किंमतही मोजली. पीएचपी या भाषेतला कोड वेगात पुरेना तेव्हा फेसबुकने तो जास्त वेगवान सी प्लस प्लस भाषेत बदलणारं हिपहॉप हे साधन स्वतः लिहिलं आणि २०१० मध्ये जाहीर केलं. तेवढी माणसं तुमच्याकडे आहेत का?

‘गरजा बदलतात, मग आराखडा वाया जातो.’ गरजा बदलतात म्हणूनच तो हवा. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं की, जे निर्णय बदलण्याची शक्यता आहे ते हेरा आणि प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या स्वतंत्र भागाच्या, आत लपवा. ऑनलाइन पैसे घेणारा पेमेंट गेटवे उद्या बदलू शकतो ना? मग त्याचं नाव, त्याचे एरर कोड एकाच मॉड्यूलला माहीत असू देत. ऑर्डरच्या कोडला फक्त ‘पैसे मिळाले की नाही’ एवढंच कळावं.

यासाठी दोनशे पानी दस्तऐवज लागत नाही. कुठला डेटा कोणाच्या मालकीचा, कोणाला काय दिसणार, वेळ कुठल्या टाइमझोनमध्ये साठवायची, हे आधी ठरवा. बटणं आणि फोल्डरची नावं नंतर बघता येतात. मग लॉगिनपासून डेटाबेसपर्यंत एकच लहानसं काम कोडमध्ये पूर्ण चालवून बघा. फळ्यावर न दिसलेली अडचण तिथे पहिल्याच आठवड्यात समोर येते, आणि तेव्हा टेबलं अजून रिकामी असतात.