तुरटीने पुराचं पाणी पिण्याजोगं होत नाही

‘हंड्यात तुरटी फिरवली की पुराचं पाणी खुशाल प्या’ असा मेसेज फिरतोय. कृपया पुढे पाठवू नका. तुरटीने गाळ तळाशी बसतो; जंतू मात्र मरत नाहीत, आणि नितळ दिसणाऱ्या पाण्यानेच माणूस फसतो.

तरीही तुरटी जरूर फिरवा, कारण जंतू मारणारं क्लोरीन गाळच खाऊन टाकतो. वरचं पाणी चारपदरी सुती कापडातून गाळा. मग २० लिटरला मदतकेंद्रातली ६७ मिलिग्रॅमची क्लोरीन गोळी एक. पाणी अजून गढूळ असेल तर दोन. झाकून अर्धा तास थांबा. क्लोरीनचा हलका वास यायलाच हवा. गोळी कधीही गिळू नका. गोळ्या नसतील तर पाणी खळखळ उकळा. शेतातली औषधं किंवा डिझेल मिसळलेलं पाणी मात्र यातल्या कशानेच शुद्ध होत नाही. तिथे टँकरचंच पाणी प्या.