गडद म्हणजे जास्त, असं नाही

टाऊ प्रथिनावरच्या (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) तुमच्या लेखात म्हटलंय की स्लाइडीवरच्या मेंदूच्या पातळ कापातला तपकिरी रंग जितका गडद, तितकं टाऊ जास्त. हे पटत नाही. मी बेळगावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइडी रंगवतो. तो तपकिरी रंग डीएबीचा, म्हणजे प्रथिन असेल तिथे तपकिरी डाग उमटवणाऱ्या रसायनाचा. हा रंग प्रकाशाला नुसता शोषत नाही, विखुरतोही, त्यामुळे गडदपणावरून प्रथिनाचं प्रमाण सरळ काढता येत नाही. रंगलेलं क्षेत्र किती टक्के, हे मोजणं जास्त भरवशाचं. त्यासाठी इमेजजे (ImageJ) हे फोटो मोजायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, पेशीकेंद्रांचा निळा आणि डीएबीचा तपकिरी रंग वेगळाही करून देतं. पण फॉर्मॅलिनमधला (ऊती टिकवायच्या द्रावणातला) वेळ, कापाची जाडी, रंगवण्याची बॅच, मायक्रोस्कोपचा उजेड, यातलं एक जरी बदललं तरी दोन स्लाइडींची तुलनाच होत नाही! खानापूर-निपाणीकडच्या बीएस्सीच्या मुलांना साध्या लॅपटॉपवर हे शिकता येईल. लेखकांनी कंट्रोल स्लाइडीबद्दलही (तुलनेसाठीची, निकाल आधीच माहीत असलेली स्लाइड) लिहावं, ही विनंती.