‘नाजा 200’ची बाटली आणि वाया जाणारा अर्धा तास

पावसाळा आला की व्हॉट्सॲपवर सर्पदंशाचा तोच मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्या मामांनी पाठवला, खाली लिहून, ‘बाटली आणून ठेवली आहे.’ मामा शेतावर राहतात, म्हणून आता गप्प बसवत नाही.

मेसेजमधले दावे असे: भारतात सापांच्या 550 जाती, त्यांतल्या दहाच विषारी. सरकारी दवाखान्यात लस नसते, बाहेर ती दहा-पंधरा हजारांना पडते. त्याऐवजी ‘नाजा 200’ हे होमिओपॅथीचं औषध दहा-दहा मिनिटांनी तीनदा जिभेवर टाका, माणूस वाचतो. शिवाय सिरिंजचं पुढचं टोक कापून ती जखमेवर लावा आणि विष ओढून काढा.

बाटलीपासूनच सुरुवात करतो. नाजा म्हणजे नागाचं विष आणि 200 म्हणजे एकास शंभर या प्रमाणात ते दोनशे वेळा पातळ केलेलं. बारा-तेरा वेळा पातळ केल्यावरच मूळ पदार्थाचा एखादा रेणू सापडणंही मुश्कील होतं. पुढचं सगळं नुसतं अल्कोहोल आणि पाणी. शरीरात गेलेलं विष निकामी करायला प्रतिद्रव्यं लागतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला थोडंथोडं टोचतात, त्याच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वेगळी करून शुद्ध करतात, तीच ही लस. मुंबईच्या हाफकिन संस्थेत ती वर्षानुवर्षं बनत आली आहे. लसीच्या पावडरच्या एका व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, 10 मिली पाणी घालतात. त्यातल्या एका मिलीनं नागाचं 0.6 मिलिग्रॅम आणि मण्यारचं 0.45 मिलिग्रॅम विष निकामी झालं पाहिजे, असं प्रमाण ठरलेलं आहे. नाजाच्या थेंबांचं असं एकही मोजमाप मेसेजमध्ये नाही.

‘पण आमच्या गावात एक जण वाचला की!’ वाचला असेल. धामण, दिवड, कवड्या चावल्यावर काहीही दिलं तरी माणूस वाचतोच. विषारी सापही कित्येकदा चावतो, पण विष सोडत नाही. श्रेय मात्र बाटलीला मिळतं.

खरा घात त्या तीन डोसांच्या वेळेत आहे. थेंब टाकून गुण येण्याची वाट बघण्यात अर्धा तास सहज जातो. मण्यार चावलेल्याचं तर फारच वाईट. हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा डास चावल्यासारखा, सूज नाही, खूणही बहुतेक वेळा दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते आणि घरचे पित्त समजतात. मग पापण्या जड होतात, घास गिळता येत नाही, शेवटी श्वास अडकतो. गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात थेंब टाकले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतात. आणि मण्यारचं विष नसांच्या (मज्जातंतूंच्या) टोकांत एकदा शिरलं की लसही झालेली इजा भरून काढत नाही. नसा सावरेपर्यंत, कधी कधी बरेच दिवस, व्हेंटिलेटरवरच काढावे लागतात. डोळ्यांची झापड ‘शांत झोप’ वाटली, तर हातचा माणूस जातो.

सिरिंजचंही तसंच. दातांनी खोल सोडलेलं विष ओढून निघत नाही, वर येतं ते रक्त. त्यासाठी लोक ब्लेडनं चिरा देतात. घोणस आणि फुरशाच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, तिथे ही चीर वाहतच राहते. दवाखान्यात हेच तपासतात: 2 मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालून 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरकं करायचं. ओघळलं तर विष चढलंय. नळी प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली असेल तर चाचणी फसते.

जातींचा आकडा: 300 हून जास्त, विषारी साठेक. पुढे चला.

लस मिळत नाही, हे मात्र नाइलाजानं अर्धं मान्य करावं लागतं. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे, पण साठा सगळीकडे सारखा नसतो. साठा असूनही रिअ‍ॅक्शनच्या भीतीनं ‘जिल्ह्याला न्या’ सांगणारे आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत: विषाची लक्षणं दिसली की पहिला डोस तिथेच द्यायचा, गरज असेल तर मग पुढे पाठवायचं. सुरुवात 8 ते 10 व्हायलनं, सलाइनमधून साधारण तासाभरात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही. आधी थोडीशी टोचून बघायचा टेस्ट डोस नको. रिअ‍ॅक्शन आली तर प्रौढाला 0.5 मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन मांडीच्या स्नायूत. चापडा नावाच्या सापाच्या विषावर आपली ही लस चालत नाही, तेही खरं. म्हणून त्याच्यावर नाजा चालतो असं होत नाही.

मामांना मी हे लिहून दिलंय: अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधा, पण दोरीनं आवळू नका. माणसाला चालवू नका. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. 108 ला फोन करा, गाडी दारात असेल तर लगेच निघा. निघायच्या आधी जवळच्या आरोग्य केंद्राला फोन करून लस आहे का विचारा. साप शोधत बसू नका. चावल्याची वेळ आणि पापण्या कधी जड झाल्या ते डॉक्टरांना सांगा. लक्षणं नसली तरी 24 तास दवाखान्यातच थांबा.