तोमिए खोटी आहे, पण तो फोटो खऱ्या मुलीचा आहे

माझी भाची दहावीत आहे. रात्री साडेअकराला तिनं एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, हे खरंय का गं?" सकाळी तोच फॉरवर्ड आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर येऊन पडला होता आणि दोन काकांनी त्याला हात जोडलेल्या इमोजीनं दाद दिली होती. भयपटाच्या मेसेजला हात कशाला जोडायचे ते त्यांनाच ठाऊक.

मेसेज थोडक्यात असा. 'तोमिए' हा जपानी भयपट सत्यघटनेवर आहे. तोक्योच्या एका शाळेत मुलांनी शिक्षकाच्या सांगण्यावरून वर्गातल्या मुलीचे तुकडे केले, आणि दुसऱ्या दिवशी ती वर्गात हजर! सोबत तिचा "ओरिजिनल फोटो". तिच्या खुनाच्या नोंदी म्हणे जपानी पोलिसांकडे 1860 पासून आहेत. मुलांना सोडून दिलं, कारण "ती मुलगीच मुलांना नादी लावायची". सिनेमावर जपानमध्ये बंदी, नायिका शूटिंगनंतर वेडी झाली. आणि हे अकरा जणांना पाठवा, नाहीतर ती तुमच्याकडे येईल.

'तोमिए' हा 1999 साली थिएटरात लागलेला, तुटपुंज्या पैशात केलेला सिनेमा. दिग्दर्शक अतारु ओइकावा. गोष्ट जुन्जी इतो यांच्या मंगामधली, म्हणजे जपानी चित्रकथेतली. ती पहिल्यांदा छापली गेली 1987 मध्ये, 'हॅलोविन' नावाच्या मासिकात. इतो तेव्हा दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ होते. भयकथांचे नामवंत चित्रकथाकार काझुओ उमेझु यांच्या नावाच्या स्पर्धेला त्यांनी गोष्ट पाठवली आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. सहलीत कड्यावरून पडलेली मुलगी, घाबरलेला शिक्षक, तुकडे वाटून घेणारा वर्ग आणि मग दारात उभी राहिलेली तीच मुलगी, हे सगळं त्या पहिल्या गोष्टीत जसंच्या तसं आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं गोष्टीचं कथानक उचललं आणि वर "सत्यघटना" असं चिकटवलं. झालं काम.

आता एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. एक खरा मृत्यू या कथेमागे आहे. इतोंनी मुलाखतीत सांगितलंय की त्यांच्या वर्गातला एक मुलगा अपघातात गेला. काल बाकावर होता तो आज नाही, हे त्यांच्या मनाला पटेना. तो काही झालंच नाही अशा थाटात परत येईल असं वाटत राहिलं. तुटली तरी पुन्हा वाढणारी पालीची शेपटी त्यात मिसळली आणि तोमिए तयार झाली. म्हणजे मुलगा, मुलगी नव्हे. अपघात, खून नव्हे. तुकडे नाहीत, शिक्षक नाही, कट नाही. एवढ्याशा धाग्यावरून कुणाला "सत्यघटना" विणायची असेल तर विणो बापडा.

पण मी हे लिहायला बसले ते त्या फोटोमुळे. तो तोमिएचा नाही, हे सांगायलाच नको. जी नव्हतीच तिचा फोटो कुठून येणार? तो एका खऱ्या मुलीचा आहे. नोव्हेंबर 1988 मध्ये काम संपवून सायकलवरून घरी निघालेल्या या मुलीला काही मुलांनी पळवलं, तोक्योच्या अदाची भागातल्या एका घरात चाळीसेक दिवस डांबून ठेवलं आणि जानेवारी 1989 मध्ये मारून टाकलं. तिथं कुठलंही भूत नव्हतं. चार पोरं होती, आणि त्यातल्या एकाचे आईबाप त्याच घरात राहत होते. तिचं नाव मी लिहीत नाही. ते आधीच पुरेसं फिरलंय.

तारखा पाहा. गोष्ट 1987 ची, गुन्हा 1988-89 चा. जे अजून घडायचंच होतं त्यावर इतोंनी आधीच गोष्ट लिहिली? सगळा फॉरवर्ड या एका हिशेबावर कोसळतो, बाकी काही खोडून काढलं नाही तरी चालेल. ही साधी वजाबाकी त्या दोन काकांना यायला हरकत नव्हती. एक तर बँकेतून रिटायर झालेत.

आणि "मुलांना सोडून दिलं" हेही धादांत खोटं. त्यांच्यावर खटला चालला, शिक्षा झाल्या. मुख्य आरोपीला वरच्या कोर्टानं 1991 मध्ये 20 वर्षं दिली. आरोपी अल्पवयीन, त्यामुळे शिक्षा फार हलक्या झाल्या असं जपानमध्येही अनेकांचं मत होतं आणि माझंही आहे. पण हलकी शिक्षा आणि सुटका यांत फरक असतो.

"नादी लावायची" ही ओळ तर सगळ्यात किळसवाणी. चित्रकथेतली तोमिए पुरुषांना वेडं करते, हे खरं. तो त्या पात्राचा स्वभाव आहे, लेखकानं दिलेला. तीच ओळ एका खून झालेल्या मुलीच्या फोटोखाली डकवली की काय होतं? कामावरून घरी निघालेली पोर गुन्हेगार ठरते आणि तिला मारणारे बिचारे ठरतात. माझ्या भाचीच्या वर्गातल्या मुलांनी हे वाचलंय. काही जणांनी खाली हसरे चेहरे टाकलेत.

बाकीचं भराभर. 1860 पासूनच्या पोलिस नोंदी? सिनेमात एक डिटेक्टिव्ह आहे, तोमिए कावाकामी नावाच्या मुलीच्या खुनांचा माग काढत तो 1860 च्या दशकापर्यंत मागे जातो. पात्राचा तपास उचलून सरकारी दप्तरात नेऊन ठेवलाय. तोक्योचं पोलिस खातंच 1874 मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याआधीच्या फायली बहुधा तोमिएनंच सांभाळल्या असाव्यात.

बंदी? बंदी आलेल्या सिनेमाचे पुढचे भाग 2011 पर्यंत निघत राहत नाहीत. त्यातला 'रीप्ले' तर फेब्रुवारी 2000 मध्ये इतोंच्याच दुसऱ्या मंगावरच्या 'उझुमाकी' या सिनेमाच्या जोडीनं थिएटरात लागला.

नायिका मिहो कान्नो ठणठणीत आहे. पुढे दिग्दर्शक ताकेशी कितानोंच्या 'डॉल्स' या सिनेमामध्ये तिनं काम केलं, टीव्ही मालिका केल्या, 2013 मध्ये मासातो साकाई या नटाशी लग्न केलं. वेड लागलेल्या बाईचा हा दिनक्रम असेल तर मलाही लागू दे.

सिनेमा कसा आहे, हेही भाचीनं विचारलं होतं. संथ आहे. डोळ्यावर पट्टी बांधलेला एक माणूस पिशवीतून मुंडकं घेऊन चाललाय आणि आतून एक डोळा बाहेर बघतोय, हे सुरुवातीचं दृश्य मस्त जमलंय. तोमिएचा चेहरा बराच वेळ दाखवतच नाहीत, केस आणि पाठ यांवर भागवतात. पैसे नसले की दिग्दर्शकाला अशी अक्कल सुचते. मधला भाग रटाळ आहे. बारावीनंतर बघ म्हटलं.

अकरा जणांना काही मी पाठवलेलं नाही. ग्रुपवर फक्त तारखा टाकल्या आणि फोटो काढून टाकायला सांगितलं. एका काकांनी काढला. दुसऱ्यांचं उत्तर आलं, "आम्ही फक्त आलं ते पुढे पाठवलं." फोटो अजून तिथंच आहे, म्हणून हे आता सगळ्यांसमोर लिहितेय: काका, काढा तो.