‘सवय होईल’ हे उत्तर नव्हतं: एक तारा देणाऱ्या ग्राहकाला

नमस्कार,

तुमचं परीक्षण वाचून आधी राग आला. मग तुमची मूळ ऑर्डर काढून पाहिली, आणि राग बराचसा आमच्याच दिशेला वळला. का, ते खाली येईलच.

इतर वाचकांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. तुम्ही नवशिक्यासाठी घरचा फ्लाइट सिम्युलेटर मागितलात. योक (विमानाचं स्टिअरिंगसारखं हँडल) आणि रडर पेडलं (शेपटाच्या उभ्या पात्याचा वळणारा भाग, म्हणजे रडर, पायाने हलवणारी) हवीत असंही म्हणालात. आम्ही पिळता येणाऱ्या मुठीची साधी जॉयस्टिक सुचवली, तुमच्या शब्दांत ‘गळ्यात मारली’. आता विमान धावपट्टीवर डावीकडे पळतं, हवेत नाक वरखाली होत राहतं, उतरताना चाकं टेकतच नाहीत आणि खालची जमीन चिखलासारखी दिसते. फोन केलात तर ‘सवय होईल’ म्हणून बोळवण झाली, आणि डबा उघडला म्हणून वस्तू परत घ्यायलाही नकार मिळाला.

फोनबद्दल आमची बाजू नाहीच. तुम्ही चार नेमकी लक्षणं सांगितलीत आणि आमच्याकडून एकाचंही कारण मिळालं नाही. ते आता देतो.

डावीकडे पळण्याचं खापर जॉयस्टिकवर फोडायच्या आधी एक करून पाहा. सेटिंगमध्ये संवेदनशीलतेच्या पानावर प्रत्येक अक्षाची हालचाल दिसते. हात काढून घ्या. ठिपका मधोमध स्थिर राहिला तर वस्तू ठीक आहे. तो आपोआप सरकत असेल तर ती सदोष आहे, आणि मग पुढचं काही वाचू नका, थेट बदलून घ्या. ठिपका स्थिर असेल, तर तुम्ही पाहताय ते सेसना 172 या छोट्या विमानाचं खरं वागणं आहे. एका इंजिनाच्या या विमानाचा पंखा पायलटच्या जागेवरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पूर्ण ताकद दिली की त्याने मागे फेकलेली हवा विमानाभोवती पिळे घेत शेपटाच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळते. शेपूट उजवीकडे ढकललं जातं, नाक डावीकडे वळतं. शिवाय इंजिनाच्या फिरण्याची उलट प्रतिक्रिया डाव्या चाकावर भार टाकते. यावर उपाय उजवा रडर, म्हणजे तुमच्या बाबतीत मूठ उजवीकडे पिळणं. जॉयस्टिक उजवीकडे झुकवून उपयोग नाही, त्याने एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांच्या झडपा, हलतात. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा, हाही एका दमात शेवटपर्यंत नेऊ नका. तीनेक सेकंद घेऊन वाढवा, आणि पहिले काही दिवस वारा शून्यावर ठेवा.

नाक वरखाली होण्याची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण तिथे घरच्या सामानाची खरी मर्यादा आड येते. खऱ्या विमानात वेग बदलला की हातावरचा जोर बदलतो, आणि ट्रिमचं चाक फिरवून पायलट तो जोर काढून टाकतो. साध्या जॉयस्टिकमध्ये फक्त स्प्रिंग असते. वेग कितीही असो, ती तेवढ्याच जोराने मूठ मध्यावर ओढते. म्हणून विमान काय म्हणतंय ते हाताला कळत नाही, डोळ्यांना उशिरा कळतं, आणि तोवर आपण दुसऱ्या टोकाला गेलेलो असतो. क्रम असा ठेवा: आधी नाक क्षितिजाशी हवं तिथे हाताने धरा, वेग स्थिरावू द्या, मग ट्रिमचं बटण हलके हलके दाबत मूठ मध्यावर सोडत या. ट्रिमनेच विमान चढवायला-उतरवायला गेलात तर डुलणं वाढेल. मध्याजवळची संवेदनशीलताही थोडी कमी करा.

उतरण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की 90 नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) धावपट्टीवर येता आणि विमान ‘तरंगत राहतं’. राहणारच! फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण उतरवलेले असताना सेसना 172 चा नेहमीचा अप्रोच, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं, 60 ते 70 नॉटचा असतो. त्याहून जास्त वेगाने आलात की पंखांत अजून भरपूर उचल शिल्लक असते. त्यात जमिनीलगत पंखांवरचा अवरोध कमी होतो, म्हणून तो जादा वेग लवकर सरतही नाही. इथे योक असता तरी हेच झालं असतं.

चिखलासारख्या जमिनीचा दोष मात्र सरळ आमचा. 2020 साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरपासून त्या मालिकेत जगाचा नकाशा तुमच्या डिस्कवर नसतो. 2 पेटाबाइटहून (20 लाख गिगाबाइटहून) मोठा तो साठा उडता उडता इंटरनेटवरून येतो. जोडणी संथ असली की खालचं गाव म्हणजे नुसते डाग. आम्ही तुम्हाला मेमरी विचारली, ग्राफिक्स कार्ड विचारलं, इंटरनेटचा वेग विचारलाच नाही. तुमच्यासाठी एक्स-प्लेन 12 बरं पडलं असतं. त्याची भूमी खंड निवडून एकदा उतरवून घेता येते. ती तितकी देखणी नाही, पण ऐन वेळी पुसट होत नाही. शिवाय त्याची मोफत चाचणी आवृत्ती मिळते. थोडाच भूभाग आणि वेळेची मर्यादा आहे, तरी खरेदीआधी कळायचं ते कळतं. अगदीच खर्च नको असेल तर फ्लाइटगिअर पूर्ण मोफत आहे. त्याचे मेन्यू शिकताना मात्र वैताग येतो, हेही सांगून ठेवतो.

आता योक. ‘स्वस्तात कटवलं’ असं तुम्ही म्हणता, पण योक आणि पेडलं विकली असती तर आमचा फायदा जास्तच होता. नवशिक्याला मी पहिल्या दिवशी ती देत नाही, कारण ते आधी कळस मग पाया होतं. योक टेबलाला शिकंज्याने आवळावा लागतो. टेबलाची कड जाड असली किंवा खाली खण असला की तो बसतच नाही. कमी दर्जाच्या योकमध्ये मध्याजवळ अडखळ असते, ती नेमकी उतरताना जाणवते. पेडलांचा माझा स्वतःचा अनुभव तर हास्यास्पद आहे. गुळगुळीत फरशी आणि चाकांची खुर्ची: रडर दाबला की विमानाऐवजी मीच मागे जात होतो. शेवटी खुर्चीची चाकं काढून ठेवली. जॉयस्टिक ही काही खेळण्यातली गोष्टही नाही. 1987 साली पहिल्यांदा उडालेल्या एअरबस ए320 या प्रवासी विमानात पायलटच्या बाजूला छोटी साइडस्टिकच असते. हौस किती टिकते, छोटं विमान आवडतं की मोठं, हे ठरेपर्यंत एकच वस्तू टेबलावर असलेली बरी, असं माझं मत आजही आहे.

पण हे मत तुम्हाला लागू नव्हतं. ऑर्डरच्या टिपणात तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं, ‘पुढच्या वर्षी खऱ्या विमानाचं प्रशिक्षण सुरू करणार आहे’. ते आमच्याकडे कोणी वाचलं नाही, आणि सगळ्यांना देतो तोच सल्ला तुम्हालाही दिला. प्रशिक्षणाला जाणाऱ्याने रडर मनगटाने वापरायची सवय लावून घेतली तर खऱ्या विमानात पाय झोपलेले राहतात आणि हात भलतंच काही करतो. तुम्हाला पेडलं पहिल्या दिवसापासून हवी होती. योक थांबला असता, पेडलं नाही. इथे तुम्ही बरोबर होतात.

एक मात्र आधीच सांगतो, म्हणजे पुढे फसवल्यासारखं वाटायला नको: घरच्या या संचावर घालवलेले तास परवान्याच्या तासांत धरले जात नाहीत. त्यासाठी विमान वाहतूक नियामकाने मान्य केलेलं उपकरण लागतं. घरी चेकलिस्ट, क्रम, उपकरणांवरून फिरणारी नजर हे पक्कं होतं. नजर डायलवरच खिळून राहायची खोडही इथेच लागते, म्हणून अधूनमधून पॅनेल झाकून फक्त क्षितिज पाहून उडवा.

तुमच्यापुढे दोन पर्याय ठेवतो. जॉयस्टिक ठेवायची असेल तर पेडलं पाठवतो. महिनाभर वापरा, पटली तरच पैसे द्या. पेडलं जोडल्यावर मुठीच्या पिळाचा अक्ष सेटिंगमधून काढून टाका, नाहीतर दोन्ही एकाच रडरवर भांडत बसतील. किंवा सगळंच परत करायचं असेल तर डबा उघडलेला असला, फाटलेला असला, नसला तरी पूर्ण रक्कम मिळेल; पाठवायचा खर्चही आमचा. ऑर्डर ज्या पत्त्यावरून केलीत त्याच ईमेलवरून एक ओळ लिहा, उत्तर मी स्वतः देईन. आणि परत पाठवत असाल तर केबल मुठीभोवती घट्ट गुंडाळू नका. तळाशी जिथे ती बाहेर येते, तिथेच तुटते.