सिव्हिल युनियन मिळालेली नाही, आणि ती लग्नाइतकीही नसते

नागपुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: “सुप्रीम कोर्टाने समलिंगी जोडप्यांना लग्न नाकारलं, पण सिव्हिल युनियन दिली. हक्क सगळे तेच. आता जॉइंट खातं, नॉमिनी, सगळं होतं. मग आणखी काय हवंय?”

सिव्हिल युनियन म्हणजे लग्न न म्हणता जोडप्याच्या नात्याला दिलेली कायदेशीर मान्यता. मजकुराचं पहिलं वाक्यच अर्धं खोटं आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाच्या मागणीवरच्या सुप्रियो खटल्यात पाचही न्यायमूर्तींनी लग्न हा मूलभूत हक्क मानला नाही. युनियनच्या हक्काच्या बाजूने तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल हे दोघेच होते. तिघांनी तोही नाकारला, आणि बहुमत तोच निकाल. अल्पमतातले परिच्छेद निकाल म्हणून पुढे पाठवणं थांबवा. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

“हक्क तेच” हेही सरसकट खरं नाही. ब्रिटनचा २००४ चा सिव्हिल पार्टनरशिप, म्हणजे तिथल्या युनियनचा, कायदा लग्नाच्या जवळपास बरोबरीचा होता. पण फ्रान्समध्ये १९९९ पासूनच्या ‘पाक्स’ या जोडप्यांच्या नोंदणीकृत करारात मृत्युपत्र नसेल तर जोडीदार वारस ठरत नाही; नवरा-बायको ठरतात. अमेरिकेत व्हरमाँटने २००० मध्ये युनियन दिली, पण केंद्राचे कर, सोशल सिक्युरिटी, इमिग्रेशन यांत तिला काडीची किंमत नव्हती. युनियनमध्ये काय मिळणार, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. आपल्याकडे तर कायदाच नाही.

राहिलं खातं आणि नॉमिनी. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने त्याला आडकाठी नाही असं स्पष्ट केलं, ते चांगलंच झालं. पण नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. नागपूरच्या मानेवाड्यात लग्न न झालेल्या दोघी हिंदू बाया वर्षानुवर्षं एकत्र राहतायत, फ्लॅट एकीच्या नावावर आहे, असं धरा. मृत्युपत्र न करता ती गेली, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने फ्लॅट तिच्या आईवडिलांकडे जाईल, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. हप्ते अर्धे-अर्धे भरले असले तरी दुसरी वारस नाहीच. हयातीतच बक्षीसपत्र करावं म्हटलं, तरी महाराष्ट्रात राहतं घर बायकोला देताना मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये, आणि हिला मात्र बाजारभावावर टक्केवारीने. वर आयकर: नातेवाईक नसलेल्याकडून ५०,००० रुपयांहून जास्त किमतीचं घर मिळालं, की ते उत्पन्न धरतात. बायकोला हा कर लागत नाही.

अशा जोडप्यांनी आजच मृत्युपत्र करावं, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी, आणि जमलं तर नोंदवावंही. जोडीदाराला साक्षीदार करू नका.