काय झालं, कपाळ?

घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत उभी, तेवढ्यात फोन थरथरला: ‘बिल्ड फेल’, म्हणजे आमच्या वेबसाइटची नवी आवृत्ती आपोआप होणाऱ्या तपासणीत नापास. सफारीत (ॲपलच्या ब्राउझरात) एक टेस्ट लाल. क्रोममध्ये हिरवी, फायरफॉक्समध्ये हिरवी, सगळीकडे हिरवी! विंडोजवरची सफारी २०१२ सालीच बंद पडली आणि आमच्या ऑफिसात मॅक एकच, तोही डिझायनरबाईंच्या ताब्यात (हात लावून बघा!). म्हणजे दूरच्या मशीनवरचे ब्राउझर टेस्टसाठी भाड्याने देणाऱ्या क्लाउडला शरण जाणं आलंच.

आणि तिथे काय? पैसे भरलेत पाच समांतर सेशनचे (एका वेळी पाचच टेस्ट चालणार), टेस्ट तीनशे. बाकीच्या रांगेत ताटकळतात आणि काही तर रांगेतच टाइमआउट होऊन मरतात. प्रत्येक क्लिकचा निरोप अंधेरीहून कुठल्यातरी परदेशी डेटा सेंटरला जाणार, उत्तर परत येणार, मग पुढचा क्लिक. मध्येच टनेल (क्लाउड आणि आमच्या नेटवर्कमधला खासगी जोड) तुटला की संपलंच, कारण आमचा चाचणीपुरता ठेवलेला स्टेजिंग सर्व्हर बाहेरून दिसतच नाही. नापास टेस्टचं रेकॉर्डिंग उघडावं तर दीड मिनिट नुसतं पांढरं पान.

सपोर्टचं उत्तर आता पाठ झालंय: ‘पुन्हा चालवून बघा.’ चालवली. एक अक्षर न बदलता हिरवी झाली! वर मॅनेजर म्हणतो, ‘‘बघ, झालं ना?’’

काय झालं, कपाळ? उद्या परत लाल होईल तेव्हा ये.